नऊ नंबरची पुडी

आमच्या कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये मी सत्तावीस वर्षं परिचर आहे, आणि तेवढीच वर्षं प्रॅक्टिकलच्या परीक्षेत पोरांना साल्ट सांगत आलो आहे. लपवायचं काय त्यात? बारावीच्या प्रत्येक पोराला एक पुडी मिळते, तिच्यावर फक्त नंबर. आत कोणतं संयुग आहे ते तपासून त्यानं नाव लिहायचं आणि त्यात बंध कोणता ते तोंडी सांगायचं. पाण्याची बाटली ठेवायच्या निमित्तानं मी टेबलाजवळून जायचो आणि भिंतीकडे बघत पुटपुटायचो, "झिंक सल्फेट." पोरगं आधी नाव लिहायचं, तपासणी मागून रचायचं. जंगलातल्या गावांतून सायकल हाणत येणारी पोरं ती. पास झाली तर कोणाच्या बापाचं काय जातं, असं माझं म्हणणं.

यंदा बाहेरचे परीक्षक म्हणून नागभीडचे धम्मदीप सर आले आणि माझा कारभार आटोपला. परीक्षेच्या आठवडाभर आधीच ते आले, मला लॅबबाहेर काढलं, आतून कडी लावली आणि आमच्याच बाटल्यांतून स्वतःच्या हातानं अकरा पोरांसाठी अकरा पुड्या बांधल्या. नंबर घातले. कोणत्या नंबरात काय आहे त्याची यादी लाखबंद पाकिटात घालून खिशात ठेवली, पुड्याही सोबत नेल्या. निघताना प्राचार्यांसमोर मला म्हणाले, "खुशालभाऊ, यंदा एकाही मुलाच्या कानात काही गेलं, तर या लॅबमध्ये तुम्ही राहणार नाही." प्राचार्यांनी मान डोलावली. मला राग आला तो सरांपेक्षा त्या मानेचा.

परीक्षेच्या दिवशी सरांचं गडचिरोलीत दुसऱ्या एका कॉलेजात सकाळी काम होतं. पोरांना अकराला बसवायचं तर टेबलं आधी मांडायला हवीत, म्हणून त्यांनी पुड्यांची पिशवी सकाळी सात वाजता गडचिरोलीच्या स्टँडवर माझ्या हाती दिली, मोठ्या नाखुशीनं. यादी मात्र स्वतःजवळच ठेवली. ते मागून मोटरसायकलनं, जवळच्या आडवाटेनं येणार होते. मी एसटीत बसलो.

धानोऱ्याला मयुरी चढली. आमच्या बारावीची पोरगी, जर्नल स्वतःच्या हातानं लिहिणारी. मला ती कधीच फारशी आवडली नव्हती, खरं सांगतो. सराव परीक्षेत मी तिच्या टेबलाजवळ गेलो तर हिनं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "भाऊ, सांगू नका नं. मले शोधायचं आहे." सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून मी तिला टाळत होतो. ती माझ्या मागच्या सीटवर बसली आणि वही उघडून वाचायला लागली.

धानोरा सोडून तासभर झाला असेल, जंगलात पोलिसांची नाकाबंदी लागली. सगळ्यांना उतरवलं, पिशव्या तपासायला लागले. सुनिल नावाचा आपल्याच बाजूचा शिपाई होता, गालात तंबाखूचा खर्रा. त्यानं माझी पिशवी उघडली आणि त्याचं चघळणं थांबलं.

"हे का होय जी?"

"परीक्षेचे साल्ट होयत."

"नाव काऊन नाई लिहिलं याच्यावर?"

आता या माणसाला काय सांगणार? नाव लिहिलं तर परीक्षा कशाची? अकरा पुड्या, बहुतेक पांढरी भुकटी, वर नुसते आकडे, आणि गडचिरोलीचं जंगल. मीच शिपाई असतो तर मीही मला सोडलं नसतं. त्यानं रीता मॅडमना हाक मारली. या फौजदार, वय तिशीच्या आत, घाटावरच्या बोलीच्या. माझं ओळखपत्र, कॉलेजचं पत्र, सगळं त्यांनी वाचलं. धम्मदीप सरांना फोन लावायला सांगितला. सर रस्त्यावर, इकडे जंगलात रेंज येते आणि जाते. दहा वेळा लावला, लागला नाही. प्राचार्यांचा लागला, तर ते म्हणाले, पुड्यांत काय आहे ते त्यांनाही ठाऊक नाही. तेही खरंच होतं.

"काका," मॅडम म्हणाल्या, "तुमच्यावर माझा अविश्वास नाही. पण नाव नसलेली भुकटी मी पुढे जाऊ देणार नाही. गडचिरोलीहून पथक येईल, तपासेल, मग न्या."

"किती वेळ लागन?"

"दुपारचे दोन-तीन तरी."

अकराला पुड्या नाहीत म्हणजे परीक्षा नाही. धम्मदीप सरांचा स्वभाव मी पाहिला होता, ते अकराच्या अकरा पोरांपुढे गैरहजर लिहून मोकळे झाले असते. प्रॅक्टिकलला गैरहजर म्हणजे बारावीचं वर्ष गेलं. एसटी पंधरा मिनिटं थांबली आणि निघून गेली. मयुरी तिच्यात चढली नाही. "पुड्याच नाई तर मी तिथी जाऊन का करू?" म्हणाली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. साडेनऊ वाजले होते.

मी छाती काढून पुढं झालो. "मॅडम, सत्तावीस वर्षं हेच करून राह्यलो. मी सांगतो एकेकाचं नाव."

नाक्याला लागून गुणाबाईची चहाची टपरी होती. तिच्या बाकावर अकरा पुड्या उघडून मांडल्या. निळी होती ती मोरचूद, हिरवट होती ती हिराकस, एवढं तर कास्तकारही सांगेल. ती दोन नावं मी ऐटीत सांगितली. मग पांढऱ्या नऊ उरल्या, आणि मी बघत राहिलो. एक जाड, एक बारीक, एक थोडी ओलसर. कोणती कोण? लॅबमध्ये मला डोळे मिटून सांगता आलं असतं. तिसऱ्या फळीवर डावीकडून चौथी, झिंक सल्फेट. तिच्या बाजूला अमोनियमवाल्या. मला बाटल्या ओळखता येत होत्या, आतला माल कधी ओळखावाच लागला नव्हता. सत्तावीस वर्षांत हे मला पहिल्यांदा कळलं, तेही पोलिसांसमोर. शरमेनं कान तापले माझे.

सुनिलनं बोटावर चिमूटभर घेतलं आणि जिभेकडं नेलं. "मीठच दिसते."

"चाखू नका!" मयुरी ओरडली. एवढ्या जोरात की त्यानं हात झटकला. मग ती मॅडमकडे वळली. "मॅडम, मी करून पाहू का? सगळे नाई जमणार. सामान नाई. पण काही सांगता येतीन."

मॅडमनी तिला खालून वर पाहिलं. त्या स्वतः बारावीला सायन्सच्या असाव्यात. कारण त्यांनी विचारलं, "अमोनियमच्या क्षारात बंध कोणते?"

"तिन्ही, मॅडम. अमोनियम आणि दुसऱ्या भागामंधी आयनिक. अमोनियमच्या आतमंधी नायट्रोजन-हायड्रोजनचे सहसंयुज. अन् त्यातला चौथा हायड्रोजन को-ऑर्डिनेटनं जोडून राह्यते."

"कर," मॅडम म्हणाल्या. "चिमटीभरच घ्यायचं. मी सांगेन तिथे थांबायचं. सुनिल, पंचनामा लिही, ती काय करते आणि काय दिसतं ते सगळं."

गुणाबाईनं काचेचे ग्लास धुऊन दिले. नाक्यावरच्या मोडक्या टॉर्चचा एलईडी आणि सेल काढले, जुन्या चार्जरची वायर सोलली. मयुरीनं प्रत्येक पुडीतलं चिमूटभर वेगळ्या ग्लासात पाण्यात घातलं आणि वायरची दोन टोकं बुडवली. दिवा लागला तर आयनिक, नाही लागला तर सहसंयुज. पहिल्या ग्लासात लागला, दुसऱ्यात लागला. चार नंबरला नाही. सात नंबरलाही नाही. चार नंबरचं चिमूटभर तिनं स्टोव्हवर चमच्यात धरलं, ते तपकिरी झालं आणि जळक्या साखरेचा वास आला. "ग्लुकोज." सात नंबरचे दाणे गुणाबाईनंच ओळखले, धानाला टाकायचा युरिया. एक पाण्यात विरघळेचना. तिच्यावर लिंबू पिळलं तर फसफसली. कॅल्शियम कार्बोनेट. एक चमच्यात तडतडली, ते साधं मीठ; एक फुगून फेसाळली, ती तुरटी; एक विरघळूनही लिंबानं फसफसली, तो धुण्याचा सोडा. दोन पांढऱ्यांपाशी मात्र तिनं मान हलवली. "बंध आयनिक आहे, मॅडम. नाव इथी नाई सांगता येत." सुनिलनं तसंच लिहिलं. मॅडमच्या चेहऱ्यावर मला थोडा विश्वास दिसला, आणि घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं.

नऊ नंबरच्या ग्लासात दिवा लागला. मयुरीनं सुनिलकडे खर्र्याच्या चुन्याची डबी मागितली. नऊ नंबरची चिमूट आणि चुना पाण्याच्या थेंबात चमच्यावर रगडला. उग्र वास सुटला, मुतारीत येतो तसा.

"अमोनियम आहे," ती म्हणाली.

मॅडम बाकावर पुढं सरकल्या. अमोनियमची एक वस्तू शेतात खत म्हणून जाते आणि खाणीत स्फोटाला वापरतात, तिच्यावर सरकारची करडी नजर आहे, हे या भागात शाळकरी पोरालाही माहीत आहे.

"नवसागर होय ते," सुनिल म्हणाला. "हातभट्टीवाल्यायकडे ढीग पाह्यला मी."

"नवसागरच," मी लगेच री ओढली. "अमोनियम क्लोराईड. दरसाल असते आपल्याकडे." माझा जीव टांगणीला लागला होता. एवढी एक पुडी नवसागर ठरली की आम्ही सुटलो. मी मयुरीकडे डोळे वटारून पाहिलं. हो म्हण, पोरी.

"गरम करून पाहा लागन," ती म्हणाली. "नवसागर वितळत नाई. त्याचा पांढरा धूर होते, अन् थंड काचेवर परत पांढरा थर बसते."

"आणि वितळलं तर?" मॅडमनी विचारलं.

मयुरीनं चमचा धुवायला घेतला.

मॅडमनी सगळ्यांना दहा पावलं मागं घेतलं. "तांदळाच्या दाण्याएवढंच," त्या म्हणाल्या आणि स्वतः तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. मयुरीनं लांब दांड्याचा चमचा स्टोव्हवर धरला, दुसऱ्या हातात वर काचेचा ग्लास आडवा. मी दहा पावलांवरून बघत होतो आणि मनातल्या मनात धूर मागत होतो. धूर येऊ दे, पांढरा धूर.

"वितळलं," ती म्हणाली. "बुडबुडे येऊन राह्यले. काचेवर काही नाई." थोड्या वेळानं चमचा कोरडा झाला. तिनं स्टोव्ह बंद केला. "नवसागर नाई हा, मॅडम. अमोनियम नायट्रेट आहे."

गुणाबाई टपरीच्या मागं गेली.

"हे नाव घेतल्यावर काय होतं, ठाऊक आहे ना तुला?" मॅडमनी शांतपणे विचारलं. "परीक्षा बुडेल तुझी कदाचित."

"ठाऊक आहे." तिचा आवाज आता मात्र फाटला. "पण वितळलं नं, मॅडम. मी दुसरं का सांगू मग?"

मॅडमचा हात फोनपर्यंत गेला, परत आला. मग त्यांनी नऊ नंबरची पुडी उचलून पाकिटात घातली. "पाच ग्रॅमसुद्धा नाही. ही माझ्याकडे राहील. बाकीच्या न्या." मयुरीकडे बोट केलं. "हिनं अडचणीतलं नाव सांगितलं, म्हणून बाकीची नावं मी मानते, त्या दोन बिननावाच्याही सोडते. काका, ही पुडी कुठून आली ते आज संध्याकाळपर्यंत मला कळलं पाहिजे. नाही तर मी कॉलेजात येईन." पंचनाम्याची एक प्रत त्यांनी माझ्या हातात दिली आणि येणारी एक काळीपिवळी जीप थांबवून आम्हाला बसवलं.

जीपमध्ये मी तिला फाडून खाल्लं. "तोंड आवरता नाई आलं तुले? सुनिल नवसागर म्हणून राह्यला होता, मी म्हणून राह्यलो होतो. तुले का गरज पडली होती?" ती खिडकीबाहेर बघत राहिली. डोळे पुसत होती. मी मनात म्हटलं, पुड्या बांधल्या धम्मदीप सरांनी, निस्तरतील तेच. आपल्या अंगाला काही लागत नाही.

कॉलेजात पोचलो तेव्हा अकरा वीस झाले होते. धम्मदीप सर लॅबच्या दारात उभे होते. मी काही बोलायच्या आत मयुरीच पुढं झाली. "सर, पुड्या उघडल्या आम्ही. मी तपासल्या. मले सात नावं ठाऊक झाले, अन् दोन खुशालभाऊनं सांगितले ते."

सरांचा चेहरा बदलला. पंचनामा घेतला, खिशातलं पाकीट फोडलं आणि यादी बाजूला धरून एकेक ओळ ताडून बघायला लागले. एक नंबर बरोबर. तीन बरोबर. चार, सात, बरोबर. बोट खाली सरकत होतं. नऊवर थांबलं.

"चूक," सर म्हणाले. "नऊ नंबर अमोनियम क्लोराईड आहे. मी स्वतः भरलं. ती बघा बाटली." तिसऱ्या फळीवर बाटली होती, लेबल स्वच्छ, अमोनियम क्लोराईड. सरांचा आवाज चढला. "काय केलंस हे, मुली? चहाच्या टपरीवर चमच्यात तापवून पोलिसांना स्फोटकाचं नाव दिलंस? लेखी? कॉलेजच्या नावानं?"

"सर, वितळलं होतं ते..."

"चमच्यात आधीची साखर असेल. ग्लुकोज तापवलंस ना त्यात?" त्यांनी फोन काढला. "मी त्या मॅडमना सांगतो, मुलीची चूक झाली. बाटली दाखवतो. विषय संपेल. पण तू या पुड्या पाहिल्यास, तुला आज बसवता येणार नाही. तुझ्यापुढे काय लिहायचं ते बोर्डाला विचारीन."

प्राचार्य धावत आले होते, त्यांनी मान डोलावली. सगळ्यांची सुटका होत होती. सरांची, प्राचार्यांची, कॉलेजची. माझीही.

मयुरी बाटलीकडे बघत होती. "माह्यंच चुकलं असन, सर," ती हळूच म्हणाली. "चमचा धुतला होता मी. पण चुकलं असन."

ते मला सोसलं नाही. पोलिसांसमोर जे तिनं सोडलं नाही, ते ती एका लेबलासाठी सोडत होती. आणि लेबल खोटं होतं, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. जीपमध्येच मला आठवलं होतं. आठवल्याबरोबर मी ते दाबून टाकलं होतं.

"सर, फोन ठेवा," मी म्हणालो. "बाटली खोटी आहे."

मी ती फळीवरून काढली. चिमूट चिनीमातीच्या कोऱ्या वाटीत घातली, स्पिरिटचा दिवा लावला आणि वर काच धरली. सर वाकून बघत होते. धूर आला नाही. वितळलं, बुडबुडे आले, काच स्वच्छ राहिली.

"कोरोनात कॉलेज बंद होतं तेव्हाची गोष्ट," मी सांगितलं. "अमोनियम नायट्रेट कोणाकडे किती आहे ते लिहून द्या, असा कागद आला होता. आपल्याकडे एक बाटली होती. मले भेव लागलं. या जिल्ह्यात पोलिसाच्या वहीत नाव कोण देते? नवसागरची बाटली खाली झाली होती, तिच्यात ओतून टाकलं अन् ती बाटली फोडून पुरली. आपल्याकडे नाईच, असं लिहून प्राचार्यांची सही घेतली. पांढरंच तर होतं दोन्ही."

प्राचार्यांची मान पहिल्यांदाच जागच्या जागी राहिली.

धम्मदीप सर खुर्चीवर बसले. "म्हणजे गेल्या तीन-चार परीक्षांत हा साल्ट मुलांना गेला असेल."

"गेला जी. दरसाल दोघातिघायले."

"आणि त्यांनी काय लिहिलं?"

"क्लोराईड."

"सगळ्यांनी? एकालाही शंका आली नाही?"

"एका पोरीले आली होती," मी म्हणालो. "गेल्या साली. म्हणे, भाऊ, सिल्व्हर नायट्रेट टाकलं तर पांढरा साका पडत नाई. मी म्हणालो, पडला म्हणून लिहून टाक. तिनं लिहिलं. तिले पूर्ण मार्क भेटले."

दारात उभी असलेली दहाही पोरं ऐकत होती. त्यांच्यातली काही आज मी येऊन काय पुटपुटतो याची वाट बघत बसली असणार, हे मला कळत होतं.

सर उठले. त्यांनी यादी फाडली, सगळ्या पुड्या गोळा करून कपाटात बंद केल्या आणि मयुरीला म्हणाले, "ॲप्रन घाल. परीक्षा बाराला सुरू होईल. सगळ्यांना नवीन साल्ट मिळतील, आधी मी स्वतः तपासलेले. तुलाही." मग माझ्याकडे न बघता त्यांनी पंचनाम्यावरचा मॅडमचा फोन नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

पलीकडे घंटी वाजत होती. मयुरी ॲप्रनची गाठ बांधता बांधता थांबली होती. पलीकडून रीता मॅडमचा आवाज आला.

"मॅडम," मी म्हणालो, "खुशाल बोलून राह्यलो. पोरीनं सांगितलं ते खरं होय. नऊ नंबरची पुडी माही आहे."